खिळ्यांची टंचाई, अक्षरांची उसनवारी

(स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)

१६१६ साली गोव्यात रायतूरच्या ख्रिस्ती विद्यालयात एक मराठी पुराण छापून झाले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ, आणि त्यात देवनागरीचे एकही अक्षर नव्हते. फादर टॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने रचलेले हे ‘क्रिस्तपुराण’ अथपासून इतिपर्यंत रोमन लिपीत छापले गेले. छापखाना गोव्यात १५५६मध्येच उतरला होता. साठ वर्षे यंत्र होते, शाई होती, कागद होता. देवनागरीचे खिळे तेवढे नव्हते.

मग जे हाताशी होते त्यातूनच काम भागवले गेले. ट, ड, ण, ळ या ध्वनींना रोमन लिपीत स्वतंत्र जागा नाही. ती काढायची तर एकच अक्षर दोनदा लिहायचे, ही रीत गोव्यातल्या रोमी लेखनात रुळली आणि रोमी कोंकणीत आजही दिसते. पुराणाचा साचाही असाच उसना. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणे सुटली होती, त्यांच्या जागी वाचायला काही तरी द्या, अशी मागणी झाल्याचे त्या काव्यातच आले आहे. स्टीफन्सने बायबलची कथा घेतली, पुराणाची मांडणी घेतली, ज्ञानेश्वर-एकनाथांनी घडवलेली ओवी घेतली आणि हे सगळे पोर्तुगीज वळणाच्या रोमन लिपीत बसवले. चारही वस्तू दुसऱ्यांच्या होत्या.

ही व्याख्यानमाला ज्यांच्या स्मरणार्थ भरते त्यांचे आयुष्य छापखान्यात गेले, म्हणून व्याख्यानाला खिळ्यांचा विषय घेतला आहे. गरज ही शोधाची जननी, असे पाठ्यपुस्तके सांगतात. ते अर्धेच खरे आहे. टंचाई सगळ्यांनाच भोगावी लागते, कल्पकता मात्र मोजक्याच ठिकाणी दिसते. अडचणीत सापडलेल्या कारागिराच्या हाताशी मोडून पुन्हा जोडता येईल असे काय होते, आणि ते मोडण्याची त्याला मोकळीक होती का, हे विचारल्याशिवाय उरलेले अर्धे हाती लागत नाही. मराठी अक्षर छापले जाऊ लागल्याचा दोन शतकांचा इतिहास हा प्रश्न तपासायला फार सोयीचा आहे.

१८०५ हे साल घ्या. पुण्यात नाना फडणवीसांच्या प्रेरणेने सुरू झालेले भगवद्गीतेच्या छपाईचे काम या साली मिरजेच्या पटवर्धनांच्या आश्रयाने पुरे झाले. ते तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेले होते. त्याच वर्षी तिकडे बंगालात श्रीरामपूरच्या मिशनने विल्यम केरीचे मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांत छापले. मिशनसाठी हे खिळे घडवणारा पंचानन कर्मकार हा लोहारकामाच्या घराण्यातला. ठसे कोरण्याची विद्या तो चार्ल्स विल्किन्सकडे शिकला होता. मिरजेचे काम हस्तकौशल्यात कमी होते असे कोणी म्हणणार नाही. पण तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले पान हे कायमचे तेच पान. त्यातला ‘क’ काढून दुसऱ्या पुस्तकात लावता येत नाही. श्रीरामपूरचा ‘क’ आज व्याकरणात, उद्या बायबलमध्ये, परवा बखरीत. मिरजेची गीता एकाकी राहिली. श्रीरामपूरच्या खिळ्यांना मात्र मुंबईपर्यंत वंशविस्तार झाला.

मुंबईत हा वंश पुढे नेणाऱ्यांत गणपत कृष्णाजी पाटील हे नाव पहिले. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम पाहून भंडारी समाजातल्या या माणसाने स्वतःचा शिळाछापखाना घातला आणि १८३१मध्ये छापील मराठी पंचांग काढले. त्याच्यापुढे अडचण खिळ्यांपेक्षा धर्माची होती. छापाच्या शाईत जनावराची चरबी असते, तेव्हा असले पंचांग शिवायचे तरी कसे, असा सोवळ्या घरांचा आक्षेप. गणपत कृष्णाजीने शाईत तूप घातले. गोविंद नारायण माडगावकरांनी ‘मुंबईचे वर्णन’ या १८६३च्या पुस्तकात त्याच्या खटपटीची वाखाणणी केली आहे. वाखाणावी अशीच ती होती. यंत्र, शाई आणि पुढे खिळेसुद्धा त्याने आपल्या बुद्धीने उभे केले. शिळाछापातली त्याची पंचांगे हस्तलिखित पोथीसारखी दिसत, आणि ग्राहक बिचकू नये म्हणून ती तशी दिसणेच त्याच्या फायद्याचे होते.

आता खुद्द खिळ्यांकडे. ज्यांनी जुळाऱ्याला उभ्याने काम करताना पाहिले आहे त्यांना देवनागरीची केस, म्हणजे खिळ्यांच्या खणांची पेटी, काय प्रकरण होते हे सांगावे लागणार नाही. इंग्रजीला मोठी अक्षरे, छोटी अक्षरे, आकडे आणि विरामचिन्हे धरून शे-दीडशे खण पुरतात. देवनागरीत व्यंजने, स्वर, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार आणि वर जोडाक्षरे. प्रत्येक जुळणीला वेगळा खिळा पाडायचा तर कित्येक शे खण लागतात आणि जुळारी केसपुढे दिवसभर चालतच राहतो. मुंबईच्या ओतशाळांनी यावर ‘डिग्री’ पद्धत काढली. ओळीचे तीन मजले करायचे, मधल्या मजल्यावर अक्षर, वरच्यावर मात्रा-वेलांटी-रफार, खालच्यावर उकार, आणि तिन्हींचे खिळे वेगळे. खणांची संख्या उतरली, जुळणीचे कष्ट वाढले, कारण ते बारीक खिळे एकावर एक नेमके बसवायचे आणि रिकाम्या जागी भर घालायची. ‘अखंड’ पद्धतीचा हिशेब उलटा होता. तिच्यात चिन्ह अक्षराला लागूनच ओतलेले, म्हणून जुळणी सुटसुटीत पण खिळे जास्त. बापूराव नाईक यांनी ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ या १९७१मध्ये प्रसिद्ध झालेल्या तीन खंडांच्या ग्रंथात या पद्धतींचा जो कीस काढला आहे, त्याला मराठीत तोड नाही. अशा ग्रंथाचे वाचक मूठभरच, हे दुर्दैव.

मुंबईच्या या वळणाच्या मुळाशी अमेरिकन मिशन प्रेसमधला टॉमस ग्रॅहम आहे. जावजी दादाजी चौधरी त्याच छापखान्यात लहान वयात टाइप घासण्याच्या कामाला लागले. पुढे इतर छापखान्यांचा अनुभव घेऊन त्यांनी १८६९मध्ये निर्णयसागर काढला. निर्णयसागरच्या अक्षरांचे ठसे कोरणारे राणोजी रावजी आरू. या दोघांनी नवी लिपी शोधली नाही की नवी पद्धतही शोधली नाही. मिशनने बायबलच्या प्रचारासाठी बसवलेले तंत्र त्यांनी उचलले आणि पंचांग, पोथ्या, ‘काव्यमाला’तली संस्कृत काव्ये यांच्यासाठी राबवले. बायबलला न लागणारी कितीतरी जोडाक्षरे संस्कृतला लागतात, म्हणून राणोजींची छिन्नी ग्रॅहमपेक्षा पुष्कळ पुढे गेली. १८९२मध्ये जावजी गेले. जगभरचे संस्कृत अभ्यासक पुढची कित्येक दशके निर्णयसागरच्या प्रतींवर विसंबून राहिले. मिशनऱ्यांच्या ओतशाळेतून निघालेल्या विद्येने मूर्तिपूजकांचे ग्रंथ असे घरोघरी पोचवले. त्या मिशनऱ्यांना हे पाहून काय वाटले असेल, याची कल्पना करून पाहण्यात थोडी मौज आहे.

टंचाई नेहमी अशी फळते असे मात्र नाही. विसाव्या शतकात लायनोटाइप आणि टंकलेखनयंत्र आले आणि केसमधल्या खणांची जागा कळांनी घेतली. खण वाढवता येतात, कळा वाढवता येत नाहीत. तेव्हा यंत्र बदलत नसेल तर लिपी बदला, असा विचार पुढे आला. रत्नागिरीत स्थानबद्ध असताना सावरकरांनी ‘अ’ची बाराखडी पुढे मांडली. इ, ई, उ, ए यांची वेगळी चित्रे कशाला, एकाच ‘अ’ला वेलांटी, उकार, मात्रा लावा. तर्क बिनतोड होता. व्यंजनांना जे चालते ते स्वरांना का नको? ‘किर्लोस्कर’ मासिकाने ही अक्षरे काही काळ छापलीही. १९५३मध्ये लखनौला भरलेल्या नागरी लिपी सुधार परिषदेने त्याहून धाडसी शिफारस केली. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर यावी आणि तिची काठी आखूड असावी, म्हणजे यंत्राला मागे जावे लागणार नाही. चार वर्षांत ती शिफारस मागे घ्यावी लागली.

या दोन प्रयोगांचे अपयश पाहताना ‘लोक बदलाला विरोध करतात’ असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. त्यापेक्षा वेगळे कारण जास्त पटते. ग्रॅहम आणि राणोजींनी आपली अडचण स्वतःच्या आणि जुळाऱ्याच्या अंगावर घेतली, वाचकाच्या डोळ्याला पत्ता लागू दिला नाही. लिपीसुधारकांनी यंत्राची अडचण वाचकाच्या गळ्यात बांधली. वाचक त्या व्यवहारात कुठेच नव्हता, मग त्याने का सोसावे?

टंकलेखनयंत्र बसवणाऱ्या अनामिक कारागिरांनी याच पेचातून वाचकाला न दुखवता वाट काढली. देवनागरीतली पुष्कळशी अक्षरे काना असलेली आहेत. ख, ग, घ, थ, ध, भ, श, ष यांचा काना काढला की उरते ते अर्धे अक्षर, आणि जोडाक्षराला नेमके तेच लागते. मग पूर्ण अक्षरासाठी कळ खर्च कशाला करायची? अर्ध्याची कळ द्या, कान्याची एक कळ सर्वांना सामाईक. ‘ख’ हवा तर अर्धा ख आणि पुढे काना. ‘ख्या’ हवा तर अर्ध्या खापुढे ‘या’. मोजक्या कळांच्या यंत्रात देवनागरी मावली ती लिपीच्या स्वतःच्या बांधणीतला हा जोड सापडल्यामुळे. लिपी बदलली नाही, फक्त ती कुठे सुटते हे नीट पाहिले.

संगणकाचे पहिले मराठी फाँट आले तेव्हा हीच युक्ती वारसा म्हणून त्यांच्यात आली. आठ बिटांच्या फाँटमध्ये एकूण २५६ जागा, त्यांतल्याही कित्येक इतर कामांना राखीव. म्हणून कृतिदेव या फाँटमध्ये आजही ‘ख’ काढायला चौकटी कंसाची कळ दाबून अर्धा ख घ्यायचा आणि ‘के’च्या कळेने त्याला काना लावायचा. सरकारी कार्यालयात वर्षानुवर्षे टंकलेखन केलेल्या माणसाची बोटे हे डोळे मिटून करतात. रेमिंग्टन टंकलेखनयंत्राची टंचाई संपून कित्येक वर्षे झाली, तिची उकल बोटांत राहिली.

पण आठ बिटांच्या या काळात एक गोष्ट बिघडली, आणि या व्याख्यानाचा मुद्दा तिच्यापाशी येऊन ठेपतो. २५६ जागांपैकी कुठल्या जागेवर कुठले चिन्ह बसवायचे हे प्रत्येक फाँट-कंपनी आपापले ठरवू लागली. एका फाँटमधला मजकूर दुसऱ्यात उघडला की लेख न दिसता इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसे. २०००च्या सुमारास मराठी वृत्तपत्राचे संकेतस्थळ वाचायचे तर आधी त्या वृत्तपत्राचा फाँट उतरवून घ्यावा लागे, दुसरे वृत्तपत्र उघडले की दुसरा. या काळात फाँट पुष्कळ झाले, त्यांतले काही देखणे होते, काही कारागीर तर अव्वल दर्जाचे. पण एकाचे काम उघडून त्यावर दुसऱ्याला काम करता येत नव्हते. शिशाचा खिळा निदान डोळ्यांनी पाहता येई, त्याची नक्कल करून ओतता येई. राणोजींच्या वळणाचा परिणाम पुढच्या ओतशाळांवर झाला तो अशाच वाटेने. संगणकाच्या फाँटचे कुलूप त्याहून पक्के. टंचाई तीच होती, कारागीर गुणी होते, तरी त्या पंधरा-वीस वर्षांत एकाच्या खांद्यावर दुसरा उभा राहिला असे फारसे दिसत नाही.

युनिकोडने निम्मे कुलूप काढले. देवनागरीला १२८ जागांचा पट्टा मिळाला आणि कोणती जागा कोणत्या अक्षराची हे एकदा ठरून गेले. पट्टा लहानच, म्हणून तिथेही उसनवारी चालते. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत समुद्र आणि दरी यांच्याइतके अंतर आहे, आणि ते दाखवणारा अर्धा र मराठीला अत्यावश्यक. युनिकोडच्या पट्ट्यात दाक्षिणात्य भाषांतला एक वेगळा र देवनागरीत लिहिता यावा म्हणून ठेवलेले ‘ऱ’ हे अक्षर होते. मराठीने तेच घेतले, हलन्त केले आणि आपले ऱ्या-ऱ्हा त्यावर चालवले. ‘ॲ’ला मात्र थांबावे लागले, त्याला हक्काची जागा २००८मध्ये मिळाली. तोपर्यंत लोक ‘अ’वर चंद्र चढवून काम भागवत होते, सावरकरांच्या बाराखडीच्याच चालीने. तेव्हा हरलेली कल्पना अशी मागच्या दाराने घरात शिरली.

उरलेले निम्मे कुलूप परवान्याचे. ‘सिल’ या संस्थेने २००५मध्ये फाँटसाठी एक मुक्त परवाना काढला, २००७मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती आली. त्याच्या अटी थोड्या पण विचारपूर्वक आहेत. फाँट कोणीही वापरावा, उघडावा, बदलावा, बदललेला वाटावा. नुसता फाँट सुटा विकू नये. बदललेला फाँट याच परवान्याखाली राहावा. आणि मूळ कर्त्याने नाव राखून ठेवले असेल तर नव्याने ते लावू नये. ही शेवटची अट उसनवारीची सभ्यता शिकवते. अक्षर घ्या, नाव घेऊ नका.

या परवान्यातून काय निपजले त्याचा मराठी दाखला द्यायचा तर राज्य मराठी विकास संस्थेच्या ‘यशोमुद्रा’चा द्यावा. सरकारी पैशाने झालेला हा मुक्त फाँट. मुंबईच्या आयआयटीतल्या संस्कृत अभ्यासकांना शास्त्रग्रंथ छापायचे होते. त्यांना लागणारी जोडाक्षरे, वेदांतली स्वरचिन्हे आणि रोमन लिप्यंतराची टिंबे-रेघा एकत्र देणारा फाँट हवा होता. त्यांनी यशोमुद्राची देवनागरी घेतली, पॅराटाइप या रशियन कंपनीच्या ‘पीटी सेरिफ’ची रोमन आणि सिरिलिक अक्षरे घेतली, आणि त्यावर मेहनत करून ‘शोभिका’ घडवला. देवनागरीची सोळाशेहून अधिक रूपे त्यात आहेत. निर्णयसागरने जे काम केले त्याच कामाची ही पुढची पायरी, आणि आधीच्या दोघांची परवानगी मागायला कोणाला मॉस्कोला जावे लागले नाही.

इतरत्रही हे चालू आहे. डॅन रेनल्ड्सच्या ‘मार्टेल’ची रोमन बाजू ‘मेरीवेदर’मधून आली आहे, ‘कडवा’ची ‘बिटर’मधून, ‘साहित्य’ची ‘अलेग्रेया’मधून. या पद्धतीवर एक आक्षेप आहे आणि तो हसण्यावारी नेता येणार नाही. रोमन आधी तयार आणि देवनागरी तिच्या मापाने बेतलेली असेल तर देवनागरी पाहुणीसारखी दिसते. बोरूची तासणी आणि युरोपी लेखणीची तासणी उलट दिशेच्या, त्यामुळे जाड-बारीक रेघ कुठे पडावी याचा नियमच दोन्ही लिप्यांत उलटा. रोमनचा नियम जसाच्या तसा देवनागरीला लावला की अक्षर आरशात पाहिल्यासारखे चुकते. चांगल्या कारागिराने रोमनकडून जाडी घ्यावी, चढ-उतार घ्यावा, पण हाताचे वळण आपल्या कित्त्यातून आणावे. ते न साधलेले फाँटही पुष्कळ आहेत, नावे घेण्याचे कारण नाही.

मुंबईच्या ‘एक टाइप’ या मंडळींनी हा पेच सोडवून दाखवला आहे. गिरीश दळवी आणि यशोदीप घोलप यांचा ‘मुक्त’ देवनागरीपासून सुरू झाला आणि पुढे गुजराती, गुरुमुखी, तमिळपर्यंत गेला. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांचा ‘मोदक’ तर वेगळाच खेळ. देवनागरी अक्षर जास्तीत जास्त किती लठ्ठ करता येईल, ही एकच अट. अक्षराच्या पोटातली पोकळी बुजत बुजत नुसती चीर उरते, आणि त्या चिरेवरूनच ‘भ’ आणि ‘म’ ओळखायचे. एकदा जोडाक्षरे त्या आकारात बसवून पाहावीत म्हणजे हा गंमत म्हणून केलेला फाँट किती कष्टाचा आहे ते कळते. त्यांचाच ‘बलू’ फाँट नऊ भारतीय लिप्यांत आहे. गुजरातीत तो ‘बलू भाई’, बंगालीत ‘बलू दा’, गुरुमुखीत ‘बलू पाजी’, मल्याळममध्ये ‘बलू चेट्टन’. उर्दूसाठीही त्याचे रूप आहे, त्याचे नाव ‘बलू भाईजान’.

राहता राहिली मोडी. श्रीरामपूरच्या मिशनने तिचेही खिळे पाडले होते, केरीचा १८१०चा मराठी कोश त्यांत छापलेला आहे. पण मोडीची सगळी शान लेखणी न उचलता लिहिण्यात. पानभर आधी शिरोरेघ ओढायची आणि मग अक्षरे एकमेकांत गुंफत तिला लटकवत जायचे. सुट्या खिळ्यांना हे जमण्यासारखे नव्हते. छापखान्याने बाळबोध निवडली आणि मोडी दप्तरांतच राहिली. युनिकोडमध्ये तिला २०१४ साली जागा मिळाली. ‘नोटो’ या फाँटसंचात तिचा फाँट आहे, आणि तोही याच मुक्त परवान्याचा. त्यात अक्षरे सुबक आहेत पण सुटी-सुटी. पुण्याच्या पुराभिलेखागारातले पेशवे दप्तर वाचणाऱ्याच्या डोळ्याला सवय आहे ती वेगळ्या वळणाची, जिथे ‘र’ शेजारच्या स्वरचिन्हात मिसळून जातो आणि इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळला जात नाही. आजच्या फाँटमध्ये अक्षराला शेजार पाहून रूप बदलायला सांगता येते, म्हणजे खिळ्याला जे जमले नाही ते आता जमू शकते. यादवकालीन, शिवकालीन, पेशवेकालीन, आंग्लकालीन यांपैकी कोणते वळण धरायचे हे आधी ठरवावे लागेल, आणि त्यासाठी मोडी वाचणाऱ्या जाणत्यांनी अक्षर काढणाऱ्या तरुणांच्या शेजारी बसायला हवे. नोटोचा सांगाडा उघडून कामाला लागायला आज कोणाचीच आडकाठी नाही.